राष्ट्राध्यक्षाची कोणती चूक महाभियोगाला पुरते?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोग मंजूर झाल्याची बातमी आली की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. म्हणजे त्यांना काढलं का? आणि त्यांनी गुन्हा तरी कोणता केला? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. महाभियोग म्हणजे आरोप ठेवणं. पदावरून काढणं ही पुढची, वेगळी पायरी. आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग झाला: अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये, बिल क्लिंटन १९९८ मध्ये आणि डोनाल्ड ट्रम्प २०१९ आणि २०२१ मध्ये. या वाटेने पद मात्र एकाचंही गेलं नाही.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. फौजदारी कायद्यातला गुन्हा असल्याशिवाय महाभियोग होऊच शकत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि ते चूक आहे. गुन्हा घडला म्हणजे महाभियोग झालाच पाहिजे, हेही तितकंच चूक. राज्यघटनेची कसोटी या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. ती कुठून आली हे एकदा समजलं की प्रत्येक प्रकरण स्वतःचं स्वतः जोखता येतं.

काम कोण, कसं करतं

प्रतिनिधिगृह हे अमेरिकी संसदेचं खालचं सभागृह. त्यात ४३५ सदस्य असतात. तिथे आरोपांची कलमं लिहिली जातात आणि प्रत्येक कलमावर स्वतंत्र मतदान होतं. एका कलमाला जरी साधं बहुमत मिळालं, तरी महाभियोग झाला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर आरोपपत्र दाखल झालं. खटला चालतो वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये. सिनेटर त्यासाठी वेगळी शपथ घेतात. एरवी सिनेटच्या अध्यक्षपदी उपराष्ट्राध्यक्ष असतो, पण राष्ट्राध्यक्ष गेला तर खुर्ची त्यालाच मिळणार. म्हणून राष्ट्राध्यक्षाच्या खटल्यात सरन्यायाधीश तिथे बसतात. दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. शंभरच्या शंभर हजर असतील तर ६७.

शिक्षा दोनच. पद जातं, आणि सिनेटने ठरवलं तर पुढे कोणतंही संघीय पद भूषवायला बंदी येते. तुरुंग नाही, दंड नाही. त्यासाठी नेहमीची न्यायालयं आहेत. बंदीसाठी सिनेट वेगळं मतदान घेतं आणि त्याला साधं बहुमत पुरतं. हे मतदान झालं नाही तर काय होतं? ॲल्सी हेस्टिंग्ज या न्यायाधीशांना सिनेटने १९८९ मध्ये काढलं, बंदी घातली नाही, आणि १९९२ मध्ये ते त्याच संसदेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

एका चर्चेत बदललेले शब्द

घटनेत महाभियोगाची कारणं तीन दिली आहेत: देशद्रोह, लाचखोरी, आणि 'अदर हाय क्राइम्स अँड मिसडिमिनर्स', म्हणजे ढोबळमानाने इतर गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन. देशद्रोहाची व्याख्या घटनेनेच करून ठेवली आहे: अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला साथ देणं. लाच म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. सव्वादोनशे वर्षांचा सगळा वाद तिसऱ्या कारणावर आहे.

८ सप्टेंबर १७८७ ला फिलाडेल्फियात घटनेचा मसुदा चर्चेला होता. त्यात तोवर देशद्रोह आणि लाच एवढीच कारणं होती. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जॉर्ज मेसन उठले आणि त्यांनी विचारलं, एवढ्यावरच का थांबायचं? देशद्रोहाच्या व्याख्येत न बसणारे कितीतरी मोठे, घातक अपराध असतात. दाखला म्हणून त्यांनी नाव घेतलं वॉरन हेस्टिंग्ज यांचं.

हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. कलकत्त्याच्या या गव्हर्नर जनरलच्या काळातच पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. एडमंड बर्क यांनी १७८६ मध्ये ब्रिटिश संसदेत हेस्टिंग्ज यांच्यावर २२ आरोप मांडले. बनारसचा राजा, अयोध्येच्या बेगमा यांच्याकडून पैसा उकळल्याचे आरोप त्यात होते, आणि एक आरोप थेट मराठ्यांशी केलेल्या युद्धाचा आणि तहाचा होता. इंग्लंडच्या कॉमन्स सभेने महाभियोगाला मंजुरी दिली मे १७८७ मध्ये. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाची परिषद सुरू झाली. हेस्टिंग्ज यांनी देशद्रोह केला असं त्यांचे शत्रूही म्हणत नव्हते. तक्रार होती ती हाती दिलेली सत्ता वाटेल तशी वापरल्याची. (सात वर्षं खटला चालून १७९५ मध्ये ते निर्दोष सुटले, तो भाग वेगळा.) सत्तेचा असा गैरवापर आपल्या घटनेच्या जाळ्यातून निसटू नये, एवढंच मेसन यांचं म्हणणं होतं.

म्हणून त्यांनी तिसरं कारण सुचवलं, 'गैरकारभार'. त्यावर जेम्स मॅडिसन यांनी लगेच हरकत घेतली. इतका मोघम शब्द घातला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटची मर्जी असेल तोवरच पदावर राहील, असं ते म्हणाले. मेसन यांनी तो शब्द जागच्या जागी मागे घेतला आणि 'हाय क्राइम्स अँड मिसडिमिनर्स' हे शब्द पुढे केले. आठ राज्यं बाजूने, तीन विरुद्ध. ठराव झाला.

कसोटीच्या दोन्ही कडा या एका चर्चेत दिसतात. देशद्रोह आणि लाच यांच्या पलीकडेही महाभियोग होऊ शकतो, ही एक कड. नुसता वाईट कारभार, चुकलेलं धोरण, न पटणारा माणूस एवढ्यावर तो होऊ शकत नाही, ही दुसरी.

'हाय' म्हणजे मोठा नव्हे

मराठीत या शब्दांचं भाषांतर बहुधा 'गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन' असं होतं. ते चालून जातं, पण त्यात मूळ अर्थ हरवतो. 'हाय' हे विशेषण गुन्हा किती मोठा ते सांगत नाही, तो कुणाविरुद्ध आहे ते सांगतं. शेजाऱ्याची म्हैस चोरली तर गुन्हा शेजाऱ्याविरुद्ध. सरकारी पदाचा वापर करून राज्यव्यवस्थेलाच इजा केली तर तो 'हाय'. इंग्लंडच्या संसदेत चौदाव्या शतकापासून हे शब्द अशाच प्रकरणांत वापरले गेले: सरकारी पैशाची उधळपट्टी, कर्तव्यात कसूर, पदाच्या जोरावर जुलूम. 'मिसडिमिनर' म्हणजे किरकोळ गुन्हा, हा आजचा अर्थ. तेव्हा त्याचा अर्थ गैरवर्तन असा होता.

घटनाकारांपैकी एक, अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये घटनेच्या समर्थनार्थ लिहिताना हे नेमकं मांडलं. महाभियोगाचे अपराध म्हणजे सार्वजनिक जीवनातल्या माणसांनी लोकांच्या विश्वासाचा केलेला गैरवापर. त्यांची इजा थेट समाजाला होते, म्हणून त्यांचं स्वरूप राजकीय असतं.

आणखी एक साधा मुद्दा आहे. १७८७ मध्ये संघीय फौजदारी कायदाच अस्तित्वात नव्हता. तो पहिल्यांदा १७९० मध्ये झाला. जे पुस्तक लिहिलेलंच नव्हतं त्यातला गुन्हा घटनाकारांना अभिप्रेत असणार कसा? पुढची प्रकरणंही हेच सांगतात. जॉन पिकरिंग या न्यायाधीशांना १८०४ मध्ये काढलं ते दारूच्या नशेत, बिघडलेल्या मनःस्थितीत न्यायासनावर बसल्याबद्दल. फौजदारी गुन्हा कुठलाच नव्हता. वर ज्यांचं नाव आलं ते ॲल्सी हेस्टिंग्ज लाचेच्या फौजदारी खटल्यात १९८३ मध्ये ज्युरीकडून निर्दोष सुटले होते, तरीही सहा वर्षांनी सिनेटने त्यांना दोषी ठरवलं.

तरी 'गुन्हा दाखवा' हा युक्तिवाद मरत नाही. १८६८ मध्ये जॉन्सन यांच्या वकिलांनी तो केला, २०२० मध्ये ट्रम्प यांच्या वकिलांनीही. इतिहासाच्या दृष्टीने तो लंगडा आहे, पण त्यामागची भीती खोटी नाही. गुन्ह्याची अट नसेल तर बहुमतवाला पक्ष काहीही आरोप ठेवील. जेरल्ड फोर्ड प्रतिनिधिगृहात असताना १९७० मध्ये म्हणाले होते की त्या-त्या क्षणी सभागृहाच्या बहुमताला जे वाटेल तो महाभियोगाचा अपराध. अधिकाराचं वर्णन म्हणून हे खरं आहे, कारण सभागृहाला कुणी अडवू शकत नाही. महाभियोगाने काढलेल्या वॉल्टर निक्सन या न्यायाधीशांनी दाद मागितली तेव्हा १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की सिनेटने खटला कसा चालवावा यात आम्ही पडणार नाही. पण करता येणं वेगळं आणि करणं योग्य असणं वेगळं. न्यायालय तपासणार नाही म्हणूनच कसोटी जपण्याची जबाबदारी सदस्यांवर जास्त पडते.

रिचर्ड निक्सन: कसोटी नीट लावली तेव्हा

ही कसोटी कशी वापरायची हे पाहायचं असेल तर जुलै १९७४ च्या शेवटच्या आठवड्यात जायला हवं. प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीत ३८ सदस्य होते आणि त्यांच्यापुढे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याविरुद्ध पाच कलमं होती. समितीने तीन मंजूर केली, दोन फेटाळली. आपल्याला ही फेटाळलेली दोनच जास्त शिकवतात.

मंजूर झालेलं पहिलं कलम न्यायात अडथळा आणल्याचं: २७ विरुद्ध ११. दुसरं सत्तेच्या गैरवापराचं: प्राप्तिकर खातं विरोधकांच्या मागे लावण्याचा प्रयत्न, बेकायदा फोन टॅपिंग, व्हाइट हाउसमध्येच पोसलेली चोरटी टोळी. त्याला २८ विरुद्ध १०, म्हणजे सर्वांत जास्त मतं. तिसरं, समितीने मागवलेली कागदपत्रं आणि ध्वनिफिती न दिल्याचं, २१ विरुद्ध १७.

आता फेटाळलेली. एक होतं कंबोडियावरची बॉम्बफेक संसदेपासून लपवल्याचं. दुसरं करचुकवेगिरीचं. निक्सन यांनी आपली जुनी कागदपत्रं सरकारला दान दिल्याचं दाखवून मोठी करसवलत घेतली होती आणि त्या दानपत्रावर मागची तारीख टाकलेली होती. १९७० साली राष्ट्राध्यक्षाने भरलेला प्राप्तिकर ८०० डॉलरहूनही कमी होता. लोक संतापले होते. तरी दोन्ही कलमं १२ विरुद्ध २६ अशी पडली. कंबोडियाबाबत अनेकांना वाटलं की हा युद्धाच्या धोरणाचा आणि संसदेशी असलेल्या भांडणाचा विषय आहे. कराबाबत बऱ्याच सदस्यांचं मत असं की अपराध असेलही, पण तो निक्सन यांनी करदाता म्हणून केला, राष्ट्राध्यक्ष म्हणून नव्हे. कर खातं विरोधकांच्या मागे लावणं हे मात्र राष्ट्राध्यक्षाशिवाय कुणालाच जमणारं नव्हतं. विषय एकच, प्राप्तिकर. एक कलम मंजूर, एक नामंजूर. कसोटी याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

राहिला प्रश्न पुराव्याचा. वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक या विरोधी पक्षाच्या कचेरीत झालेली घरफोडी, जिच्या तपासातून हे प्रकरण उभं राहिलं, ती १७ जून १९७२ ची. २३ जूनला निक्सन आपले मुख्य सहायक हॉल्डमन यांच्याशी बोलत होते आणि ते बोलणं त्यांच्याच यंत्रणेने ध्वनिमुद्रित केलं. बेत असा होता की गुप्तहेर खात्याच्या माणसांनी घरफोडीचा तपास करणाऱ्या एफबीआयला सांगायचं, यात देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, तपास पुढे नेऊ नका. निक्सन यांनी होकार दिला. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० ने फिती द्यायला लावल्या, ५ ऑगस्टला ही फीत बाहेर आली, आणि समितीत कलमांच्या विरोधात मत दिलेल्या, निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या सदस्यांचीही भूमिका फिरली. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. सभागृहाचं मतदान व्हायचंच राहिलं, म्हणून महाभियोग झालेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही.

या प्रकरणातून तीन प्रश्न हाती लागतात. हे वर्तन पदाच्या ताकदीवर केलं का? इजा राज्यव्यवस्थेला झाली का? आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबणं पुरेसं आहे, की हे वर्तन निवडणुकीलाच पोखरणारं आहे?

जिथे गाडी अडते

जॉन्सन यांच्या खटल्यात आरोपच चुकीचा निवडला गेला. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या हक्कांना जॉन्सन जागोजागी आडवे येत होते, हा खरा राग. पण कलमं लिहिली ती प्रामुख्याने युद्धमंत्री स्टँटन यांना सिनेटला न विचारता काढल्याबद्दल. तसं करता येऊ नये म्हणून संसदेने वर्षभर आधी मुद्दाम कायदा केला होता, आणि त्याचा भंग म्हणजे 'हाय मिसडिमिनर' असं कायद्यातच लिहून ठेवलं होतं. ५४ सिनेटर, लागणार ३६, मिळाली ३५. पुढे १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा घटनेविरुद्ध असल्याचं म्हटलं. मोठी इजा बाजूला ठेवून सोपा सापळा निवडला की असं होतं.

क्लिंटन यांचं प्रकरण उलट टोकाचं. इथे गुन्हा दाखवता येत होता: शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायात अडथळा. पण खोटं होतं खाजगी संबंधांविषयी. सत्तेच्या गैरवापराचं कलम प्रतिनिधिगृहाने स्वतःच मोठ्या फरकाने फेटाळलं. सिनेटमध्ये खोट्या साक्षीच्या कलमाला ४५ आणि अडथळ्याच्या कलमाला ५० मतं पडली. आरोप ठेवणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार होता. वर उल्लेख आलेल्या वॉल्टर निक्सन यांना १९८९ मध्ये ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) खोटं बोलल्याबद्दलच काढलं होतं. मग राष्ट्राध्यक्षाला वेगळा न्याय का? उत्तर असं दिलं गेलं की न्यायाधीशाचं काम म्हणजे इतरांची शपथ तोलणं, शिवाय त्याला मतदार निवडत नाहीत आणि काढूही शकत नाहीत. हे उत्तर पटण्याजोगं आहे, पण पूर्ण समाधान करणारं नाही.

२०१९ मध्ये आरोप होता की ट्रम्प यांनी युक्रेनला संसदेने मंजूर केलेली सुमारे ३९ कोटी डॉलरची मदत रोखून धरली, ती तिथल्या सरकारने पुढच्या निवडणुकीतले संभाव्य प्रतिस्पर्धी जो बायडन यांच्या चौकशीची घोषणा करावी म्हणून. बचाव असा की मदत शेवटी दिली गेली, चौकशीची घोषणा झालीच नाही, आणि परराष्ट्र धोरण ठरवणं हे राष्ट्राध्यक्षाचंच काम. आरोपाचा साचा मेसन यांच्या चौकटीत अगदी बसतो: पदाची ताकद, खाजगी फायदा, आणि लक्ष्य पुढची निवडणूक. पण साक्षीदारांना बोलावण्याचा ठराव सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ ने पडला. ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, टेनेसीचे सिनेटर लमार अलेक्झांडर यांचं निवेदन मुद्दाम वाचण्यासारखं आहे. आरोप सिद्ध झाला आहे, वर्तन अनुचित आहे, पण पदावरून काढण्याइतकं नाही, निवडणूक जवळ आहे, लोक ठरवतील, असं ते म्हणाले. घडलं ते मान्य, ते महाभियोगाच्या दर्जाचं आहे हे अमान्य. वाद खरोखर कुठे असतो ते या निवेदनात दिसतं. पुरावा किती सबळ हवा हेही घटनेत लिहिलेलं नाही. प्रत्येक सिनेटर आपापलं माप लावतो.

भारताची राज्यघटना इथे वेगळी वाट घेते. अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींवर महाभियोगाचं कारण एकच आहे, संविधानाचा भंग. ठरावावर सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची लेखी सूचना, आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. हजर सदस्यांच्या नव्हे, एकूण. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे ही वेळ कधी आलेली नाही. अमेरिकेत कार्यकारी सत्ता एकाच माणसाच्या हातात असते, म्हणून तिथे हा प्रश्न पुन्हा पुन्हा उठतो.

पद सोडल्यावर काय

६ जानेवारी २०२१ ला, निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव संसद भवनात घुसला. प्रतिनिधिगृहाने आठवडाभरात, १३ जानेवारीला, बंडाला चिथावणी दिल्याच्या एकाच कलमावर ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग आणला. सिनेटचा खटला सुरू झाला तेव्हा ते माजी राष्ट्राध्यक्ष होते. माजी माणसावर खटला चालतो का? १८७६ मध्ये युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांनी मतदानाच्या थोडाच वेळ आधी राजीनामा दिला होता आणि तरी सिनेटने खटला चालवला होता. तर्कालाही तेच पटतं. नाहीतर शेवटच्या दिवशी राजीनामा देऊन कुणीही बंदीतून सुटेल. २०२१ च्या सिनेटनेही ५६ विरुद्ध ४४ ने अधिकार आहे असं ठरवलं. तरी दोषी ठरवायला मतं पडली ५७, हवी होती ६७. रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांनी निर्दोषच्या बाजूने मत दिलं आणि लगेच भाषणात सांगितलं की घडल्या प्रकाराला नैतिक आणि व्यावहारिक दृष्ट्या ट्रम्पच जबाबदार आहेत, पण माजी राष्ट्राध्यक्षावर कारवाई करायला देशात फौजदारी न्यायालयं आहेत.

१ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने तो दरवाजा बराचसा लोटून घेतला. घटनेने केवळ राष्ट्राध्यक्षाला दिलेले मूळ अधिकार वापरून केलेल्या कृत्यांना फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कृत्यांना किमान प्राथमिक संरक्षण, आणि खाजगी कृत्यांना अजिबात नाही. म्हणजे करचुकवेगिरीसाठी माजी राष्ट्राध्यक्षाला न्यायालयात उभं करता येईल. पण पदाच्या ताकदीवर केलेला अपराध, ज्याच्यासाठी मेसन यांनी ते शब्द घातले, तो न्यायालयापर्यंत पोचणं फार कठीण झालं आहे. आणि दुसऱ्या कार्यकाळातल्या राष्ट्राध्यक्षाला पुन्हा मतदारांपुढे उभं राहायचं नसतं, तेव्हा 'लोक ठरवतील' हे उत्तरही उरत नाही. अशा माणसासाठी घटनेने ठेवलेली जागा एकच आहे, सिनेटमधली ती ६७ मतं.